चिंचेचे पाणी

चुना आणि ताजे शेण एकाच घमेल्यात कालवले, तोच असा उग्र दर्प नाकात शिरला की शामसुंदरराव मागच्या मागे परसाच्या पायरीवरच बसले.

"दोन्ही एकदम कशाला घालतां, मामा?" शेजारची नित्या कुंपणावरून म्हणाली. ती शेतकी खात्यात नोकरीला होती. माती आंबट झाल्याचे तिनेच तपासून सांगितले होते. "खताचें सत्त्वच उडून जातें. आतां चुना तेवढा द्या. शेणखत महिन्यानें, तेंही कुजलेलें."

महिना! शामसुंदररावांचे उरलेसुरले अवसानही गळाले. इथे एकेक दिवस ढकलताना जीव मेटाकुटीला येत होता. घरात मीनाक्षीबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि परसात त्यांचा तुळशीचा वाफा वाळत चाललेला. सवाशिणीच्या हातची तुळस वाळली की तिच्या कुंकवाला धोका, हे बाईंनी दिवाळीपासून मनात घट्ट धरले होते. खिडकीतून त्या आधी वाफ्याकडे बघत, मग नवऱ्याकडे. त्या नजरेने शामसुंदररावांना आपण जिवंत असल्याचीच लाज वाटे.

खरे कारण त्यांना ठाऊक होते. कुंभकोणमच्या पितळेला चिंचेशिवाय झळाळी येत नाही. लग्न झाल्यापासून बाईंनी देवाच्या समया चिंचेने घासल्या आणि देवाचे पाणी पायदळी जाऊ नये म्हणून ते रोज तुळशीलाच घातले. हे बाईंना सांगायचे कसे? पाय तर गेलेच होते, आता पुण्यही काढून घ्यायचे?

संध्याकाळी ते कांजी भरवत असताना बाईंनी त्यांचे मनगट धरले. "मला खरें सांगा. तुमची प्रकृति बरी आहे नां? मग तुळस कां वाळते?"

खोटे रचायलाही अंगात त्राण लागते. ते त्यांच्यात नव्हते.

"चिंचेच्या पाण्यानें," ते म्हणाले. "तूंच घालत होतीस. माती आंबली."

मीनाक्षीबाईंचे डोळे भरून आले. मग कित्येक महिन्यांनी त्या हसल्या.

"म्हणजे तुम्हांला कांहीं होत नाहीं."

"नाहीं."

"मग जाऊं दे ती तुळस."

दुसऱ्या दिवशी शामसुंदररावांनी समया घासल्या. वाफ्यावर नुसता चुना पांढराशुभ्र पसरलेला होता. खिडकीतून हाक आली, "पाणी पायदळी घालूं नका हो."

"नाहीं घालत," ते म्हणाले. वाफ्याला वळसा घालून, मधे मधे बादली टेकवत, ते पार मागच्या नारळापर्यंत गेले. तिथे कोणाचा पाय पडत नव्हता.