नमुन्याची कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. सध्या एका स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. तुम्ही म्हणाल, कढईला कसलं आलंय एकटेपण? मित्रांनो, ऐका तर खरं.

माझा जन्म दूरच्या, खवय्यांच्या देशातला. तिथे एक अख्खा बाजार नुसता भांड्यांचा आहे. आमच्या गल्लीची रीत अशी, की दुकानाच्या दारात प्रत्येक भांड्याचा एक नमुना टांगायचा. गिऱ्हाइकाने तो वाजवून बघायचा आणि आतलं कोरं भांडं घेऊन जायचं. मी नमुना होते. दिवसभर लोक मला टिचक्या मारत, आवाजाचं कौतुक करत आणि माझ्या बहिणींना घरी नेत. फार वाईट वाटे.

एकदा प्रवासाला आलेलं एक जोडपं दाराशी थांबलं. काकांनी मला टिचकी मारली. दुकानदार नवी कढई आणायला आत वळला, तर काका मलाच धरून बसले.

"अहो, हिला पोचे आलेत," काकू म्हणाल्या. "आणि घरात कढया काय कमी आहेत?"

"अगं, इतक्या लोकांनी वाजवून पाहिलीय. खोट असती तर एव्हाना कळली नसती का?"

अशी मी या घरी आले. काका हौशी स्वयंपाकी. ते भाजी परतायचे आणि काकू ओट्याला टेकून म्हणायच्या, "मीठ बेतानं हं." पाहुणे बोटं चाटत. रोजच्या तेलाने मी काळीभोर झाले होते आणि मला त्याचा तोराही होता.

मागच्या वर्षी काका गेले. काकूंनी मला घासूनपुसून इथे टांगलं. "त्यांची कढई आहे, राहू दे," असं त्या लेकीला फोनवर म्हणाल्या. आता त्या चहात पाव बुडवून उभ्यानेच खातात. एकटीसाठी कुठे घाट घालायचा, म्हणतात. माझ्या बुडाला गंज चढतोय. त्याचं एक वेळ चालेल. पण काकूंचं मनगट इतकं बारीक झालंय, ते बघवत नाही.

वापरलं तरच भांडं टिकतं, हे त्यांना कोण सांगणार? मला कान आहेत, तोंड नाही. म्हणून तुम्हाला विनवते. तुमच्या शेजारी अशा कुणी काकू असतील, तर त्यांचं दार वाजवा. समजूत घालू नका. सरळ सांगा, "काकू, भूक लागलीय."

त्या मला खाली काढतील.