देव्हाऱ्यातली चकती

हसनाबादेत कुणाचा पोरगा मास्तर, कुणाचा कंडक्टर. चतुराबाईच्या मच्छिंद्रचं काम मात्र तिला स्वतःलाच धड सांगता यायचं नाही. एकोणनव्वद साली तो बेंगलोरची प्रयोगशाळा सोडून जर्मनीला निघाला, त्या सकाळी गावच्या एसटी थांब्यावर तिने विचारलंच, "तू नेमकं काय करून राह्यलास रे तिकडं?"

मच्छिंद्रने खिशातल्या डबीतून रुपयाएवढी जाडसर चकती काढली. काचेसारखी, पण धुरकट, निकामी झालेली.

"लई बारके रेणू असतात, आई. वाफेचे, अमोनियाचे. ते नळीत भरायचे अन् नळीच्या तोंडाला बसवलेल्या ह्या खिडकीतून उजेड सोडायचा. कोणता उजेड गिळला, त्यावरून रेणू कसा थरथरतो ते कळतं."

"दिसतो का मंग रेणू?"

"न्हाई. थरथर तेवढी कळती."

तेवढ्यात जालन्याची एसटी आली. चकती तिच्याच हातात राहिली आणि ती कशाची आहे हे सांगायचं राहून गेलं. त्याच्या जगात ते सगळ्यांनाच ठाऊक. घरी सांगावं लागेल हे त्याला सुचलंच नाही.

ज्यातून पोराने इतकी वर्षं बघितलं, ती वस्तू चतुराबाई फडताळात थोडीच टाकणार? तिने ती देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी मांडली. रोज देवांना आंघोळ, तशी चकतीलाही. हात चालत राहायचे, मच्छिंद्र आठवायचा, डोळे भरायचे. मग तेच तीर्थ ती प्यायची.

चकती झिजायला लागली. चतुराबाईला वाटलं, पोराच्या जिवाला तिकडे काही होतंय की काय? ती आणखीच मनोभावे आंघोळ घालायला लागली. पोळ्याच्या सुमारास ताम्हनात काही उरलंच नाही. पोराची खुशाली यायची, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तीन वर्षांनी तो आला, तिकडेच कायम होऊन, चार दिवसांपुरता. तिने त्याला चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत.

"तुझी काच माझ्या हातून गेली रे. देवासंगं रोज धुतली, अन् गेली."

मच्छिंद्रला हसू आवरेना. "आई, मिठाची व्हती ती! आमचा उजेड डोळ्याला न दिसणारा, तो काचेतून जात न्हाई, म्हणून मिठाची खिडकी लावतात. तीर्थ खारट न्हाई लागलं तुला?"

"लागलं की. रोज लागायचं," चतुराबाई म्हणाली. "मला वाटलं, माझंच डोळ्यातलं पडून राह्यलंय."