साप सोडायची जागा

शितलने उशीच्या अभ्र्याची गाठ सोडली आणि धामण गवतात सरकली. दीड हाताची, कोवळी. सकाळीच आगर गावात दक्षाबेनच्या चिकूवाडीत पंपाखाली सापडली होती. दक्षाबेनने मजुरांना काठ्या खाली ठेवायला लावल्या, शितलला बोलावून घेतलं आणि निघताना तीनदा बजावलं, "त्याला काय पण व्हायला नको हां."

गंजाडच्या माळावरची ही जागा बाबांची. वीस वर्षं त्यांनी पकडलेले साप इथेच आणून सोडले. ते गेल्यावर तीन वर्षं शितलही तेच करत होती. साप सोडायचा, स्कूटर वळवायची आणि दहाच्या आत पतपेढीत हजर व्हायचं. आज स्कूटर सुरू होईना म्हणून ती थांबली, एवढंच.

समोरच्या ऐनाच्या झाडावरून काहीतरी जड खाली आलं. पिवळे पाय, डोक्यावर पिंजारलेला तुरा. सर्पगरुडाने गवतात दोनदा पाय आपटले आणि धामण घेऊन तो पुन्हा फांदीवर जाऊन बसला. शितल किक मारायची विसरली.

"तुझी गाडी वलखतो तो," बांधावर गवत कापणारा म्हातारा हाल्या म्हणाला. "आवाज आला का येऊन बसतो."

"म्हणजे रोज?"

"रोज कसा? तू साप आणशील तवा."

आगीतून काढून फुफाट्यात टाकायला तिने तीन वर्षं पेट्रोल जाळलं होतं. पहिल्यांदा राग आला तो बाबांचाच.

"बाबांच्या वेळीही हेच चालायचं?"

"तुझा बापूस निघून जायचा नाय. बसायचा." हाल्याने विळ्याने एक सपाट दगड दाखवला. "साप सोडला का छत्री उघडून तिथं बसायचा. गरुड खाली आला का छत्री हलवायचा. साप दगडात शिरंपर्यंत. कवा कवा दोन तास."

साप सोडायच्या दिवशी बाबांना जेवायला चार वाजायचे. हाल्याकडे ताडीला बसतात, असं आई म्हणायची, आणि शितलचाही त्यावर विश्वास होता. कॉलेजात असताना एकदा तिने त्यांना दारातच अडवून "तोंड उघडा" म्हटलं होतं. त्यांनी मुकाट्याने उघडलं. वास आला नव्हता, पण ते तिने कधी कबूल केलं नाही. आता तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"काका, ताडी प्यायचे ते?"

"ती मी पियाचो. तो नाय."

"मग घरी सांगितलं का नाही?"

"गावात कललं तर साप धरायला कोन बोलवील? लोक म्हनतील, गरुडाच्याच पोटात जायचाय, तर आमची काठी काय वाईट?"

ती जाऊन त्या दगडावर बसली. दगड तापला होता. इथे बसलेले बाबा तिने एकदाही पाहिले नव्हते, आणि आता त्यांची फार आठवण आली.

"सगळे वाचायचे?"

हाल्याने विळा गवताला पुसला. मग पुन्हा पुसला.

"शेवटी शेवटी डुलकी लागायची त्याला. गरुड यायचा, घेऊन जायचा. मग तो जागा होऊन मला इचारायचा, गेला का रे हाल्या?"

"मग?"

"मी सांगायचो, गेला. दगडात गेला."

पर्समधला फोन वाजला. दक्षाबेन होती.

"शितल, सोडला काय? बराबर गेला ने?"

शितलने वर पाहिलं. फांदीवर गरुड मान ताणून गिळत होता. वीतभर शेपूट अजून चोचीबाहेर होतं.

"हो दक्षाबेन," ती म्हणाली. "दगडात गेला. मी इथेच बसलेय."