चौथीच्या वर्गाचा गंज

मी एक जुना पितळी गंज आहे, मित्रांनो. दुसरीकडे ज्याला पातेलं म्हणतात, त्याला आमच्या नागपुरात गंज म्हणतात. इतवारीतल्या तांबटाने मला ठोकून घडवलं, आतून चांदीसारखी कल्हई केली आणि सुभद्राबाईंच्या लग्नात मी आंदण म्हणून आलो. सत्यनारायणाचा शिरा माझ्यातच व्हायचा!

सुभद्राबाई चौथीला शिकवत. शाळा सकाळची. बरीच लेकरं नुसत्या चहावर येत. १९७२ साली एकदा प्रार्थनेत गोपिका नावाची मुलगी भोवळ येऊन पडली. बाई हळूच म्हणाल्या, "देवापुढे मी रोज नैवेद्य ठेवते, अन् हे देव उपाशी!" दुसऱ्याच दिवशी मी वर्गात आलो.

नियम साधा होता. प्रत्येकाने झाकली मूठ माझ्यात सोडायची. मूग, चणे, बरबटी म्हणजे चवळी, जे असेल ते. घरी काही नसेल तर रिकामी मूठही चाले. कुणी बघत नसे. बाई ते भिजवत, मोड आणत, उसळ करत. मधल्या सुट्टीत सगळ्यांची एकच पंगत बसे. महिन्याभरात लेकरांचे गाल भरले. मी किती मिरवलो म्हणून सांगू!

पण रोज राखेने घासून माझी कल्हई झिजली. ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही. नैवेद्य आधी चाखायचा नसतो, म्हणून बाईही उसळ कधी चाखत नसत. एके दिवशी मुलींनी हौसेने सकाळीच माझ्यातल्या उसळीवर लिंबं पिळून ठेवली. पितळेत आंबट कळकलं.

"बाई, कडू लागून राहिली!"

"कारल्याची उसळ हाय का बे?" चंद्रभान ओरडला. सगळ्यांनी घास थुंकले.

मुख्याध्यापक वामनराव धावत आले. "बाई, लेकरायले काही झालं असतं म्हणजे? उद्यापासून हे खाणं बंद!"

गोपिकाच्या डोळ्यांत पाणी तरळलं. बाईंनी माझ्या पोटातून बोट फिरवलं. पिवळं पितळ उघडं पडलेलं. "सर, कल्हई गेली आहे. मी बघायला हवं होतं. एक संधी द्या."

"उद्याचा एकच दिवस!" म्हणून वामनराव निघून गेले. गोपिकाचे मामा, चंपतराव, कल्हईच करत. ती त्यांच्याकडे धावली.

"मामा, आमचा गंज करून दे ना गा!"

"काहून वं, एवढी घाई?"

"नाहीतर आमचं खाणं बंद होते!"

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणातच भाता फुसफुसला. नवसागराचा धूर उठला, कथील माझ्या पोटात पाऱ्यासारखं धावलं आणि लेकरांनी टाळ्या पिटल्या. ताजी उसळ झाली. वामनराव हाताची घडी घालून उभे होते. लिंबू आता ज्याने त्याने आपल्या वाटीत पिळायचं ठरलं. मग बाईंनी देवाचं नाव घेतलं आणि सगळ्यांदेखत पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला.

"हे देव निराळे, सर. यांचा नैवेद्य चाखूनच वाढायचा. सोमवारी माझा उपवास, त्या दिवशी गोपिका चाखेल."

वामनरावांनी वाटी पुढे केली. खाल्लं. पुन्हा पुढे केली.

"सर, आमच्यासाठी ठेवा ना जी!" चंद्रभान कळवळला आणि वामनरावसुद्धा हसले.

त्या दिवाळीनंतर शाळेच्या प्रत्येक वर्गात एक गंज आला!

मित्रांनो, भांडं बाहेरून चमकतं म्हणून भुलू नका. अधूनमधून आतही डोकावत जा. आणि चार लेकरांना वाढण्याआधी एक घास जरूर चाखा. देव रागावत नाहीत. मी पाहिलं आहे, ते दुसरी वाटी मागतात.