ताटासमोरची खुर्ची

मासोळीला राग येतच नाही, अशी तिच्या घरी समजूत होती. हे नाव बाबांनीच ठेवलेलं. ते पोहण्याचे प्रशिक्षक, तलावावर लहानथोर सगळे त्यांना सर म्हणत. पोटची पोर त्यांच्या हाताखाली पोहायची, तेव्हा तिच्या प्रत्येक घासावर त्यांची नजर असे. बोलत फारसे नसत. तिने दुसऱ्यांदा भात घेतला की फक्त "अच्छा" म्हणत. त्या एका शब्दाने तिची भूक मारली ती मारलीच. पुढे ती तलावाच्या काठावर चक्कर येऊन पडली, पोहणं सुटलं, आणि मग अंथरुणातून उठणंही जिवावर येऊ लागलं.

आईने तिला ज्या दवाखान्यात नेलं, त्याच्या पाटीवर लिहिलं होतं: मनाचे आणि आहाराचे उपचार, एकाच छपराखाली. छप्पर एकच होतं, हे मात्र खरं. वरच्या मजल्यावर समुपदेशक बाई बसत, खाली आहारतज्ज्ञ ताई. पोट रिकामं असेल तर मन थाऱ्यावर राहत नाही आणि मनात धाक असेल तर घास उतरत नाही, म्हणून दोन्ही उपचार एकत्र करायचे, असं दोघींनी पहिल्याच दिवशी समजावलं. मासोळीला ते मनापासून पटलं.

वर तिने हळूहळू सगळं सांगितलं. ताटासमोरचे बाबा सांगितले, त्यांचं "अच्छा" सांगितलं, सांगताना हमसून रडली. आणि त्याच आठवड्यात खाली ताईंनी ठरवलं, की प्रत्येक जेवणाला घरातल्या एका माणसाने तिच्यासमोर बसायचं, ताट संपेपर्यंत. आई दिवसभर दुकानात. सर आता निवृत्त, वेळेचे पक्के, बोलायला आदबशीर. ताईंना ते फारच आवडले. असे वडील नशिबाने मिळतात, असंही त्या म्हणाल्या. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या, आणि वर चोराचं कौतुक केलं.

मासोळी मूग गिळून बसली. वरचं खाली कळलेलंच असणार, असं ती धरून चालली होती. सगळं कळूनही या शिकलेल्या बायकांनी हेच ठरवलं, म्हणजे खोट आपल्यातच आहे. मग रोज सर हाताची घडी घालून समोर बसत आणि ती अर्धं अंडं रुमालात दडवी. वजन वाढायचं सोडून उतरत गेलं.

शेवटी ताईंनी काट्यावरचा आकडा पाहिला आणि सांगितलं, की आता रुग्णालयात दाखल करून नळीने अन्न द्यावं लागेल. सर म्हणाले, मी माझ्याकडून काही कमी केलं नाही, हिलाच बरं व्हायचं नाही. ताईंनी मान डोलावली. ती डोललेली मान पाहून मासोळीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुम्हाला सगळं माहीत होतं," ती ताईंना म्हणाली. "वर मी सगळं सांगितलंय. तरी तुम्ही यांनाच माझ्यासमोर बसवलंत."

"वर काय सांगितलंस?"

ताईंनी हे इतक्या भाबडेपणाने विचारलं, की मासोळीला एकदम उमगलं. यांना काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून राग कमी झाला का? दुप्पट झाला. ती धाडधाड जिना चढून गेली आणि बाईंचं दार ढकललं. मागून ताई, त्यांच्यामागे सर.

बाई चहा पीत होत्या. रुग्णाचं बोलणं खोलीबाहेर न्यायचं नाही असा नियम आहे, असं त्यांनी सांगितलं. नियम चांगलाच होता. पण "हे खाली सांगू का गं?" एवढं पोरीला विचारायला कोणत्या नियमाची आडकाठी होती? आणि खालच्या ताईंनी बापाची शिस्त पाहिली, पोरीचा चेहरा नाही. आता दोघी एकमेकींकडे बोट दाखवू लागल्या. सर म्हणाले, मी बाप आहे, तिचा वैरी नाही. तेही खरं असेल, पण त्याने तिच्या घशाखाली घास उतरणार नव्हता.

"बाबा, आजपासून तुम्ही माझ्यासमोर बसायचं नाही."

सरांनी निकालासाठी ताईंकडे पाहिलं. ताईंनी या वेळी मासोळीकडे पाहिलं.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "आठवडाभर थांबू, पण रोज वजन बघायचं. तुझ्यासमोर कोण बसू दे?"

"तुम्ही दोघी बसा. एकत्र. त्या निमित्ताने एकमेकींशी बोलाल तरी."

बाईंच्या टेबलावरच ताट आलं. भात, अंडं, केळं. सरांना बाहेरच्या बाकावर बसवलं. दोघी बोलायला लागल्या ते भांडायलाच लागल्या, कोणी काय विचारायला हवं होतं यावरून, आणि ताटाकडे बघायचं विसरून गेल्या. मासोळी जेवत होती. चव लागत नव्हती, राग तर तसाच होता.

दार किलकिलं झालं. सरांनी आत डोकावून ताईंना विचारलं, संपवलं का तिने.

"दार लावा," मासोळी भरल्या तोंडाने म्हणाली. "मी जेवतेय."