चार तुकड्यांतला पाचवा

कर्णबाईंचं खरं नाव शाळेत कुणी घेत नसे. पटांगण कडेकडेनं न जाता त्या नेहमी तिरकं ओलांडत, म्हणून मुलांनी त्यांना काटकोन त्रिकोणातल्या कर्णाचं नाव ठेवलं होतं. बाईंच्या ते कानावर गेलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "निदान व्याख्या तरी पाठ आहे," एवढंच म्हणाल्या.

त्यांचं त्रैमासिक निघालं ते एका वजाबाकीपायी. वर्गातल्या एका मुलीनं बावन्नातून अठ्ठावीस वजा केले होते. उत्तर बरोबर होतं, पण पुस्तकातल्या रीतीची त्यात खूणही नव्हती. बाईंनी तिला फळ्याशी बोलावलं.

"कसं केलंस?"

"दोनातून आठ जात नाहीत, सहा कमी पडतात. पन्नासातून वीस गेले, तीस उरले. मग त्या तिसातून कमी पडलेले सहा द्यायचे. चोवीस."

बाईंनी तिला आणखी उदाहरणं घातली. पोरगी कुठेच अडली नाही. मधल्या सुट्टीत बाईंनी हे मोठ्या कौतुकानं शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, तर मुख्याध्यापक चहाचा कप खाली न ठेवताच म्हणाले, "उत्तर आलं ना? मग आता पुस्तकातली रीत शिकवा आणि विषय संपवा."

विषय संपला नाही. अशा किती रीती रोज खडूच्या धुळीबरोबर पुसल्या जात असतील, हा विचार बाईंची पाठ सोडेना. त्यांनी लेख लिहिला. विद्वानांच्या नियतकालिकानं तो परत पाठवला, यात नवं प्रमेय नाही म्हणून. मुलांच्या मासिकानं परत पाठवला, हे मोठ्यांसाठी आहे म्हणून.

"म्हणजे ना घर का ना घाट का," जेवताना बाई म्हणाल्या.

त्यांची नणंद गल्लीच्या तोंडाशी टायपिंगचं दुकान चालवायची. प्रती काढायचं एक सायक्लोस्टाइल यंत्रही तिनं ठेवलं होतं. जिभेनं तिखट, हातानं चलाख. तिनं ताटातून मान वर केली. "लोकांच्या दारात कशाला उभं राहायचं, वहिनी? आपणच काढू की."

"आणि लिहिणार कोण?"

"तुझ्यासारखी खुळी माणसं आणखी असतीलच. एवढं काही नशीब फुटलेलं नाही तुझं!"

नाव ठरलं 'ताळा', उत्तर पडताळून पाहायचा तो. "बघ हं," नणंद म्हणाली, "टायपिंगमध्ये एक अक्षर चुकलं तर 'टाळा' व्हायचं."

पहिला अंक बाईंनी ओळखीच्या शाळांना पाठवला. बहुतेक ठिकाणी तो कपाटावर जाऊन पडला असावा, कारण उत्तर म्हणून दोनचार पत्रं आली आणि त्यातलं एक व्याकरणाच्या चुका दाखवणारं होतं. दुसऱ्या अंकाची शाई पानोपान फुटली. बाईंनी पानं पुन्हा टाइप करून घेतली आणि अंक उशिरा का होईना, पण काढला. हळूहळू कुठून कुठून लिखाण येऊ लागलं. डोंगरातल्या शाळेत तीन इयत्ता एकाच खोलीत शिकवणाऱ्या एका गुरुजींनी, मोठी मुलं लहानांना भागाकार समजावताना नेमके कोणते शब्द वापरतात, ते लिहून पाठवलं. तो लेख बाईंनी चार वेळा परत पाठवून पुन्हा लिहून घेतला. गुरुजी वैतागले, पण लिहीत राहिले. लेख छापून आला तेव्हा इतर शिक्षकांना वाटलं, अरे, असं तर आपल्याही वर्गात घडतं.

मग मोठे सर आले. कॉलेजात बाईंना गणित त्यांनीच शिकवलं होतं. गणितातली गोडी ही त्यांचीच देणगी, असं बाई कुणालाही सांगत. सरांनी सल्लागार मंडळाचं अध्यक्षपद घेतलं आणि विद्यापीठात 'ताळा'साठी एक खोली मिळवून दिली. दोन टेबलं, एक कपाट आणि मर्जी असेल तेव्हाच फिरणारा पंखा. अंक आता छापखान्यात छापला जाऊ लागला. सरांचं नाव आतल्या पानावर झळकल्याबरोबर मुख्याध्यापकांनाही तो वाचावासा वाटू लागला.

घोडं पेंड खायला लागलं ते अपूर्णांकांपाशी. वेगवेगळ्या गावांतल्या तीन शिक्षिकांनी मिळून एक लेख पाठवला. पाठ्यपुस्तकात अपूर्णांक म्हणजे कायम कापलेली गोल चकती. त्यामुळे पाऊण दाखवायला मुलांना अडचण नव्हती. पण पाच छेद चार म्हटलं की ती हसत. "चारच तुकडे आहेत, तर पाचवा आणायचा कुठून?" असं एका मुलानं विचारलं होतं. तोच अपूर्णांक संख्यारेषेवर दाखवायला सांगितला की वर्गच्या वर्ग गप्प बसत होते. तिघींनी मुलांची बोलणी जशीच्या तशी उतरवली होती. लेखात खोट काढायला जागा नव्हती.

अडचण एवढीच, की ते पाठ्यपुस्तक मोठ्या सरांनी लिहिलं होतं.

बाईंनी लेख त्यांना आधी वाचायला दिला. सरांनी तो शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "हे छापायची काय गरज आहे? पुढच्या आवृत्तीत मी बघतो."

"सर, आज जी मुलं वर्गात बसली आहेत त्यांचं काय?"

"माझ्याच घरात राहून माझ्यावर दगड मारणार तू?"

बाईंनी लेख पुन्हा हातात घेतला. ज्या माणसापुढे बोलताना अजूनही आपोआप उभं राहावंसं वाटे, त्याच्याशी हे बोलायचं होतं. "लेख बरोबर आहे की चूक, तेवढं सांगा सर. चूक असेल तर आत्ता फाडते. बरोबर असेल तर छापते. तुमचं उत्तरही शेजारीच छापीन, एक शब्द न गाळता."

सर चष्मा चढवून उठले. त्या आठवड्यात त्यांचा राजीनामा आला, आणि पाठोपाठ खोली रिकामी करावी अशी सूचना.

घरी नणंदेनं कपाळाला हात लावला. "वहिनी, पाण्यात राहून माशाशी वैर! एक अंक थांबली असतीस तर?"

"एक अंक थांबले असते, तर पुढच्या वेळी दुसरं कारण मिळालं असतं थांबायला."

नणंदेनं बाईंकडे पाहिलं, पदर खोचला आणि हातगाडी ठरवायला निघाली. गठ्ठे घरी आले. बाईंच्या नवऱ्यानं जेवणाचं टेबल मुकाट्यानं रिकामं करून दिलं. "आपण ओट्यापाशी उभ्यानं जेवू," तो म्हणाला. "तब्येतीला बरं असतं म्हणे." हे कुणी म्हटलं होतं, देव जाणे.

लेख छापला गेला. सरांच्या मर्जीतल्या काही कॉलेजांनी अंक घेणं बंद केलं. मुख्याध्यापक जिन्यात भेटले तर घड्याळात बघू लागले. पण प्राथमिक शाळांतून मात्र पत्रांची रीघ लागली. आमच्याही वर्गात हेच, आमच्याही वर्गात हेच. कुणी दोरीला गाठी मारून अपूर्णांक शिकवून पाहिले होते, कुणी वर्गातल्या फरशा मोजून. पुढचे अंक त्या लिखाणानंच भरले, आणि गेलेल्या वर्गणीदारांपेक्षा नवे जास्त झाले. सरांसाठी ठेवलेलं पान मात्र दर अंकात कोरंच जाई. खाली बाई एक ओळ छापत, 'उत्तरासाठी राखीव.' नणंद म्हणायची, कागद फुकट जातोय. बाई ऐकत नसत.

दोनेक वर्षांनी एका सकाळी मोठे सर दारात उभे होते. हातात कागद होते, आणि कोटाच्या बाहीला खडू लागला होता. बाई गडबडीनं उठल्या.

"बस, बस," सर म्हणाले. "घराजवळच्या शाळेत जातोय गेलं वर्षभर. मुलांना शिकवायला. म्हणजे, शिकवायला म्हणून गेलो होतो." ते टेबलाशी बसले. "ती पण तुझ्या त्या लेखातल्या मुलांसारखंच म्हणतात गं. पाचवा तुकडा कुठून आणायचा. मी त्यांना पटवून देऊ शकलो नाही. गेल्या महिन्यात एका मुलीनं दुसरी चकती कापली आणि पाचवा तुकडा तिथून आणला. मग सगळ्यांनाच सुचत गेलं. ते लिहून आणलंय."

बाईंनी कागद घेतले. वाचताना त्यांचे डोळे भरून आले, पण हातातली पेन्सिल थांबली नाही.

"सर, हा लेख नेहमीप्रमाणे दोन शिक्षिकांकडे वाचायला जाईल. आणि सुरुवातीची प्रस्तावना फार लांबली आहे."

"म्हणजे मला परत लिहायला लावणार?"

"हो."

सरांनी कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि टोपण उघडलं. "कुठपर्यंत कापू?" त्यांनी विचारलं.

त्यांनी लेख दोनदा लिहिला. पाठ्यपुस्तकातलं ते प्रकरण बदलायला आणखी बरीच वर्षं गेली, आणि विद्यापीठातली खोली काही परत मिळाली नाही. 'ताळा' एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर भाड्याच्या जागेत गेलं आणि तिथेच वाढलं. जेवणाच्या टेबलावर पुन्हा ताटं मांडली जाऊ लागली. नवऱ्याला मात्र तोवर उभ्यानं जेवायची सवय लागली होती.