सात घरांचं एकच पीठ

माहं तोंड जळो, दुसरं काय म्हनू! त्या दिवशी हे तोंड गप बसलं असतं तं जैनबची मुन्नी आज अंगनात खेळली असती.

लढाई चालू होती, त्या वक्ताची गोठ आहे. अकोल्यात कापसाच्या जिनामागं आमची सात घरांची गल्ली. जिन बंद पडलेली, मरदांच्या हाताले काम नाही, आन बजारात जवारी अशी महाग का हात लावाची सोय नाही. माह्या शेजारची जैनबबी तवा ताजी बाळंतीन. नवरा-बायको, दोन पोरं आन तान्ही मुन्नी. त्यायच्या घरी एकच टाइम चूल पेटे. बाईच्या पोटात नाही तं लेकराले दूध कुठून येईन? मुन्नी दिवसभर रडे. रडनं बी बारीक, मांजरीच्या पिलासारखं.

अशात अमरावतीहून केशवराव नावाचा सरकारी मानूस आला. हातात तराजू, बगलेत कागद. गोरगरीब काय खातात ते सरकारले पाह्याचं आहे म्हने. वट्ट्यावर बसून त्यानं नीट सांगतलं, "बाई, उद्या सकाळी मी घरोघरी दिवसाचं पीठ मोजणार. माणशी अर्धा शेर धरलाय. जिथं कमी भरेल, त्या वस्तीसाठी स्वस्त धान्याचं दुकान काढणार आहेत. तेव्हा जे आहे तेच दाखवा."

तो गेला तशी जैनब म्हने, "पार्बताबाई, जे आहे ते दाखवून देऊ न. दुकान निघालं तं माह्या मुन्नीचं नसीब."

मी उखडली. "येडी झाली काय वो? दारात आलेल्या मानसाले रिकामी परात दाखवतं? उद्या सारं अकोलं म्हनीन, जिनामागं उपाशी लोक राह्यतात. पोरी उजवाच्या आहेत आमाले! आन सरकार कधी कोनाले काही देते काय? माह्या जनमात तं नाही पाह्यलं."

साऱ्या बायांनी माना डोलावल्या. आमच्यात पाहुन्याले रिकामं भांडं दाखवनं म्हंजे मरन. माह्याकडं भावानं वरूडहून धाडलेलं अडीच शेर पीठ होतं. तेच काढलं.

सकाळी केशवराव पुढच्या दारानं शिरे, तं पीठ तयार. मोजून झालं का मागच्या दारानं पुढच्या घरी. एका घरी परातीत, दुसऱ्या घरी टोपल्यात, तिसऱ्या घरी गंजात. त्याले शक येऊ नये म्हून दर घरी मी मूठभर कमी-जास्त करे. मोठी हुशार मी! बाया तोंडाले पदर लावून हासून राहिल्या होत्या.

शेवटचं घर जैनबचं. तिनं परात समोर ठेवली, पन मान वर केली नाही.

"एवढं पीठ रोज लागतं?" केशवरावानं इचारलं.

ती माह्याकडं पाहे. मीच बोलली, "हाव साहेब, रोज. कधी जास्त बी."

त्यानं लिहून घेतलं. जाता जाता जैनबले म्हने, "बाळंतिणीनं दूध, पालेभाजी, अंडं खायला हवं." जैनब म्हने, "हाव."

पीठ मी माह्या घरी आनलं. त्यातलं दोन मुठी जैनबले देलं आन मले वाटलं, मोठं पुन्य केलं.

दुकान मोर्णा नदीपल्याड, दुसऱ्या वस्तीत निघालं. आमी पिशव्या घेऊन गेलो तं दुकानदार म्हने, "तुमच्या गल्लीचं नाव नाही. तुमचं भागते, असं लिहून आलं आहे." जैनबनं रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली. शिवी देली असती तं बरं झालं असतं. आखाडात मुन्नी गेली. बापानं एका हातावर नेली तिले, दुसरा हात लागलाच नाही.

दुसऱ्या साली केशवराव पुन्हा आला. तोच तराजू. औंदा ज्या घरी कमी भरीन, त्या घराले सस्त्या धान्याचं कार्ड भेटनार होतं. या खेपी मीच घरोघरी फिरून बजावलं, "जे आहे ते दाखवा वो, काही लपवू नोका."

जैनबच्या परातीत दोन शेर भरलं. जिन नुकतीच सुरू झाली होती.

केशवरावानं जुना कागद पाह्यला. "पाच माणसं ना?"

"चार," जैनब म्हने.

त्यानं आकडा खोडला, नवा लिहिला. "पाच असती तर कमी भरलं असतं. चौघांत बरोबर बसतं. कार्ड नाही मिळणार, बाई."

माहं डोस्कं फिरलं. मी त्याचा कागद धरला. "पाच लिहा साहेब! मुन्नी लिहा! मी पाया पडतो तुमच्या, पाच लिहा!"

त्यानं हळूच कागद सोडवला. "खोटं कसं लिहू, बाई?"

जैनबनं माह्याकडं पाह्यलं. मी तोंडाले पदर लावला.